सहा शनिवारचं अलाबामा : नागपुरातल्या एका छोट्या क्लासचा रिव्ह्यू

पहिले रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा काहून कापला ते पुढे येईलच.

ह्याला क्लास म्हणावं की काय मला अजूनही कळत नाही. लक्ष्मीनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर एक काकू दर शनिवारी तिकडे शिकायला जाऊ पाहणाऱ्या सात-आठ मुलांना बसवतात, चार वाजता सुरू, सहा शनिवार, फी सहा हजार, अन् विषय फक्त एक, अमेरिकेतलं अलाबामा राज्य. बोर्ड नाही, वेबसाइट नाही. काकू बावीस वर्षं बर्मिंगहॅमला राहिल्या (इंग्लंडचं नाही, अलाबामातलं), काका तिथे हॉस्पिटलमध्ये होते, आता दोघंही परत आलेत. त्यांनीच सांगितलं की नाव टाकू नको गं, आठच्या वर मुलं मला झेपत नाहीत, म्हणून नाव टाकत नाहीये. ज्यांना खरंच तिकडे अप्लाय करायचंय त्यांनी मेसेज करा, मी काकूंना विचारून नंबर देते.

मी मेटलर्जीची, बीटेक नागपुरातूनच झालं, बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत, घरात अमेरिकेला गेलेलं कोणी नाही. मागच्या वर्षी एका मोठ्या कन्सल्टन्सीत पस्तीस हजार भरले होते. तिथे जीआरईचा (अमेरिकेत मास्टर्ससाठी द्यायची परीक्षा) स्कोअर पाहिला, सिस्टीममध्ये टाकला अन् आठ युनिव्हर्सिटीची यादी प्रिंट करून हातात दिली, त्यात दोन अलाबामातल्या. मी विचारलं सर हे राज्य कसं आहे, तर म्हणाले सेफ ऑप्शन आहे, ॲडमिट मिळून जाईल. मी म्हटलं सर राहायला कसं आहे, तर म्हणाले सगळीकडे सारखंच असते. मला त्या दिवशी खरंच रडू आलं होतं, बाबांच्या पीएफमधून पैसे निघणार, दोन वर्षं एका ठिकाणी राहायचंय, आणि ती जागा कशी आहे हे सांगणारा एकही माणूस समोर नाही, फॉर्म मात्र सही करायला समोर ठेवलेला. मग मैत्रिणीच्या आत्यांकडून ह्या काकूंचं कळलं.

पहिल्या शनिवारी काकूंनी कॉलेजचं नावसुद्धा घेतलं नाही. एक कोरा नकाशा दिला आणि सांगितलं डोंगर, नदी, समुद्र, शहरं, सगळं हाताने भरा. राज्य उभं आहे, वर टेनेसी, उजवीकडे जॉर्जिया, डावीकडे मिसिसिपी, खाली फ्लोरिडाची पट्टी आणि एका कोपऱ्यात समुद्र. ॲपलाचियन डोंगर वरून येऊन ह्याच राज्यात संपतात. मग काकूंनी ट्रेसिंग पेपरवर त्याच स्केलचा विदर्भ काढलेला तो वर ठेवला, तेव्हा अंदाज आला, अलाबामा विदर्भापेक्षा मोठं आहे पण अख्ख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान. आणि एवढ्या जागेत माणसं किती, तर २०२० च्या जनगणनेत साधारण ५० लाख. आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्यात २०११ लाच साडेशेहेचाळीस लाख होती. म्हणजे आपला एक जिल्हा उचलून विदर्भाच्या दीडपटीला थोड्या कमी जागेत पसरवून द्या, असं ते राज्य आहे. काकू म्हणाल्या ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली ना बाळा, तर बाकी अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात, बस काहून नाही, फुटपाथ मध्येच काहून संपतो, संध्याकाळी सातला रस्त्यावर कोणी काहून दिसत नाही.

वरच्या टोकाच्या हंट्सव्हिलपासून खालच्या मोबीलपर्यंत रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या वर होते, आपलं समृद्धीवरून शिर्डी गाठण्यापेक्षा थोडं जास्तच. मोबील हे शहराचं नाव आहे, फोनचा काही संबंध नाही, आणि तिथले लोक त्याला मोबील असंच म्हणतात, शेवटी जोर देऊन.

दुसरा शनिवार मातीचा होता. मला वाटलं होतं हा दिवस वाया जाईल, पण सहापैकी माझा सगळ्यात आवडता हाच झाला. राज्याच्या मध्यातून एक पट्टा आडवा जातो, त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात, पहिले तिथल्या काळ्या मातीमुळे. काळी माती अन् कापूस! काकूंनी हे म्हटल्यावर आमच्यातला यवतमाळचा मुलगा एकदम सरळ होऊन बसला. पण त्या कापसाच्या मागे काय होतं तेही त्यांनी लगेच सांगितलं, ती शेती गुलाम केलेल्या काळ्या माणसांच्या हातांनी झाली, त्यामुळे त्या पट्ट्यात काळ्या लोकांची वस्ती जास्त राहिली आणि नावाला दुसरा अर्थही चिकटला. आजही तो भाग राज्यातला फार गरीब भाग आहे. माती एवढी कसदार अन् माणूस गरीब, हे विदर्भातल्या पोरांना वेगळं समजवावं लागत नाही.

मग १९१० च्या आसपास तिथे बोंडाचा भुंगा आला, मेक्सिकोकडून टेक्सासमार्गे सरकत सरकत. आपल्याकडची गुलाबी बोंडअळी म्हणजे पतंगाची अळी, हा वेगळा, सोंडवाला किडा, पण शेतकऱ्याचं जे व्हायचं ते सारखंच झालं. एंटरप्राइज नावाच्या गावातले लोक कापूस सोडून भुईमुगाकडे वळले आणि त्यातून सावरले, इतके सावरले की १९१९ मध्ये त्यांनी भर चौकात त्या किड्याच्या नावाने स्मारक उभं केलं. आज तिथे एक बाई दोन्ही हातांनी तो किडा डोक्यावर उचलून धरून उभी आहे. काकूंनी स्वतः काढलेला फोटो दाखवला. यवतमाळवाला मुलगा खूप वेळ पाहत होता तो फोटो, त्याच्या घरी २०१७ च्या बोंडअळीत पूर्ण पीक गेलेलं.

आणि भुईमूग म्हटलं की कार्व्हर. मराठी घरात वाढलेल्याला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर कोण हे सांगायला लागत नाही, शाळेच्या लायब्ररीत, वाढदिवसाच्या गिफ्टमध्ये, कुठे ना कुठे ते भेटलेलेच असतात. पण मी खरं सांगते, ते ज्या टस्कीगीत राहिले ते अलाबामात आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, अमेरिकेत आहे एवढंच. बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांनी १८८१ मध्ये सुरू केलेली ती संस्था, कार्व्हर तिथे १८९६ मध्ये गेले अन् १९४३ मध्ये जाईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. कापसाने माती थकते, तिच्यातला नायट्रोजन संपतो, मग मध्ये चवळी, भुईमूग लावा, रताळी लावा, हे ते गावोगाव गाडी नेऊन गरीब शेतकऱ्यांना सांगत. टस्कीगी आजही युनिव्हर्सिटी म्हणून चालू आहे, अन् ऑबर्न युनिव्हर्सिटीपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. त्या रात्री मी आईला सांगितलं की मी जिथे अप्लाय करून राहिले ना ते कार्व्हरचं राज्य आहे, तर आईचा चेहराच बदलला. त्याआधी तिच्यासाठी अलाबामा म्हणजे नुसतं एक लांबचं नाव होतं.

तिसऱ्या शनिवारी काकूंनी फळ्यावर एकच आकडा लिहिला, १९५६, आणि विचारलं नागपूरकरांनो ह्या वर्षी काय झालं. हे काय विचारणं झालं, नागपुरात कोणालाही विचारा, १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी. त्यांनी ते लिहिलं, आणि त्याच्या शेजारी अलाबामातलं १९५६ लिहायला लागल्या. फेब्रुवारीत ऑथरीन लूसी ही पहिली काळी विद्यार्थिनी ट्युस्कालूसाच्या युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामात शिकायला गेली, दगड-अंडी घेऊन जमाव जमला अन् तीनच दिवसांत युनिव्हर्सिटीने तिलाच बाहेर काढलं, जमावाला नाही. आणि त्याच वर्षभर मॉन्टगोमेरीत काळे लोक बसवर बहिष्कार टाकून पायी कामावर जात होते. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठल्या नाहीत तिथून ते पेटलं, ३८१ दिवस चाललं, अन् १९५६ च्या डिसेंबरात संपलं. म्हणजे आपले आजी-आजोबा दीक्षाभूमीवर उभे होते तेव्हा तिकडे ती माणसं रोज सकाळी चालत निघत होती. पाणी, शाळा, बस, बसायची जागा, भांडण ह्याच गोष्टींचं होतं, इकडेही अन् तिकडेही. आमच्यात एक मुलगा इंदोऱ्याचा आहे, त्याचे आजोबा त्या दिवशी दीक्षाभूमीवर होते. तो म्हणाला काकू हे आम्हाला कोणी एकत्र करून सांगितलंच नाही कधी. आणि काकूंनी त्याला आठवण करून दिली की बाबासाहेब स्वतः १९१३ मध्ये अमेरिकेत परदेशी विद्यार्थी म्हणूनच उतरले होते, कोलंबियाला, न्यूयॉर्कमध्ये.

ह्या शनिवारचं अजून बरंच आहे, सगळं लिहिलं तर रिव्ह्यू संपणार नाही. १९६३ मध्ये गव्हर्नर वॉलेस युनिव्हर्सिटीच्या दारात आडवा उभा राहिला, काळ्या मुलांनी आत जाऊ नये म्हणून, अन् तरी व्हिव्हियन मॅलोन आणि जेम्स हूड आत गेले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट चर्चमध्ये बॉम्ब, चार लहान मुली गेल्या. १९६५ ला सेल्माच्या पुलावर काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठीच्या मोर्चावर लाठ्या. मॉन्टगोमेरीत २०१८ पासून एक स्मारक आहे, जमावाने मारलेल्या चार हजारांवर लोकांची नावं लोखंडी खांबांवर कोरलेली, खांब वरून टांगलेले. ऑथरीन लूसींना मात्र त्याच युनिव्हर्सिटीने पुढे परत घेतलं, १९९२ मध्ये त्यांनी तिथूनच मास्टर्स पूर्ण केलं. काकूंचं म्हणणं होतं की ज्या कॅम्पसवर तुम्ही फोटो काढणार त्या दाराशी काय झालं होतं हे माहीत असू द्या, तुम्हाला तिथे ॲडमिशन मिळते कारण कोणीतरी ते दार उघडलं. मला हे पटलं, पूर्ण पटलं. तो दरवाजा, फॉस्टर ऑडिटोरियमचा, मी गेले तर पहिल्या आठवड्यात जाऊन पाहणार आहे.

आता मेटलर्जीवाल्यांसाठी थोडं, कारण माझा स्वार्थ इथे होता. बर्मिंगहॅम शहर १८७१ मध्ये वसलं ते लोखंडासाठीच, लोहखनिज, कोळसा अन् चुनखडी, तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी जवळजवळ सापडणं फार दुर्मिळ, तिथे सापडल्या. शहर इतक्या झपाट्याने वाढलं की त्याला मॅजिक सिटी नाव पडलं. स्लॉस फर्नेसेस म्हणून जुन्या ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातून लोखंड काढायच्या भट्ट्या आहेत, १८८२ मध्ये पेटल्या, १९७१ मध्ये बंद झाल्या, आता म्युझियम आहे, आत जाऊन सगळं पाहता येते. डोंगरावर व्हल्कनचा पुतळा आहे, ५६ फूट, बिडाचा, जगातला सगळ्यात मोठा ओतीव बिडाचा पुतळा म्हणतात, १९०४ च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनासाठी ओतलेला. मी फाउंड्रीत इंटर्नशिप केलेली आहे, हिंगण्याला, त्यामुळे छप्पन फुटांचा पुतळा तुकड्या-तुकड्यांत ओतून बसवायचा म्हणजे काय काम असेल ते मला कळते. पण काकूंनी इथेही अर्धवट सोडलं नाही. त्या फर्नेसचा कोळसा ज्या खाणींतून यायचा तिथे कैद्यांना भाड्याने कामाला लावायचे, त्यातले बहुतेक काळे, कितीतरी जण अगदी फालतू कारणांवरून पकडलेले, आणि ही पद्धत बंद करणारं अलाबामा शेवटचं राज्य, १९२८ मध्ये. मी चार वर्षं लोखंड शिकले, पण कोळसा कोणाच्या पाठीवरून आला हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

चौथ्या शनिवारी हंट्सव्हिल. ह्या एका शनिवारने माझा पूर्ण प्लॅन बदलला, आणि माझ्या मते सहा हजार इथेच वसूल झाले. मला रॉकेटचं वेड, हंट्सव्हिलला रॉकेट सिटी म्हणतात, १९६० पासून नासाचं मार्शल सेंटर तिथे आहे, माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न फाइव्ह तिथे घडलं. युनिव्हर्सिटीपण त्याच शहरात, एरोस्पेसला चांगली. माझी एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा निबंध, त्याच्यावरच लिहिलेली. काकूंनी शांतपणे विचारलं, तिथे नोकरी देणाऱ्यांच्या जाहिराती वाचल्यास का कधी? मग आम्ही बसून वाचल्या. डिफेन्स आणि रॉकेटच्या बहुतेक जागांवर अमेरिकन नागरिकत्व मागतात, अशा तंत्रज्ञानाच्या निर्यातीचे कडक कायदे आहेत, सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणजे सरकारची सुरक्षा मंजुरी लागते. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीला ती दारं बहुतेक बंद. शिकता येते, प्रोफेसरच्या लॅबमध्ये काही कामं करता येतात, पण डिग्रीनंतर त्या शहरात आपल्यासारख्यांचा रस्ता अरुंद होतो. कन्सल्टन्सीत ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. तुमच्यापैकी कोणी हंट्सव्हिल पाहून राहिलं असेल तर अप्लाय करू नका असं मी म्हणत नाहीये, पण आधी जाहिराती वाचा, मग एसओपी लिहा.

त्याऐवजी काकूंनी आम्हाला राज्याच्या नकाशावर कारखाने लावायला लावले. ट्युस्कालूसाजवळ व्हान्सला मर्सिडीज १९९७ पासून, लिंकनला होंडा, मॉन्टगोमेरीत ह्युंदाई, हंट्सव्हिलला माझदा-टोयोटा, मोबीलला एअरबसची विमानं जोडतात. म्हणजे गाड्या, पत्रा, कास्टिंग, वेल्डिंग. ट्युस्कालूसाच्या युनिव्हर्सिटीत मेटलर्जीचं स्वतःचं डिपार्टमेंट आहे, जे अमेरिकेत आता फार थोड्या ठिकाणी उरलंय, ऑबर्नला मेटल थ्रीडी प्रिंटिंगचं मोठं सेंटर आहे. नकाशा भरून झाला तेव्हा मला माझं उत्तर मिळालेलं. ओपीटीचे (डिग्रीनंतर तिथे काम करायची परवानगी) बारा महिने, स्टेमवाल्यांना, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना पुढे चोवीस, त्या छत्तीस महिन्यांत गाडीने जाता येईल अशा अंतरावर कोण माझ्या कामाचं आहे, असा विचार मी त्याआधी केलाच नव्हता.

पाचवा शनिवार हवामान अन् रोजचं राहणं. आपल्याला वाटते आपण नागपूरचे, पंचेचाळीस पाहिलेले, आपल्याला गर्मीचं काय. काकू म्हणाल्या तिथे पारा पस्तीसच्या आसपासच असतो पण हवा ओली, कूलर तिथे काहीच कामाचा नाही, आपला मे कोरडा असतो म्हणून वाळ्याचा पडदा चालतो, तिथे घाम वाळतच नाही. आणि वादळं. २७ एप्रिल २०११ ला ट्युस्कालूसातून टॉर्नेडो गेला, तो बर्मिंगहॅमच्या बाजूपर्यंत गेला, त्या एकाने साठच्या वर माणसं नेली, अन् त्या दिवशी राज्यात दोनशेच्या वर गेली. काकू तेव्हा तिथेच होत्या, बाथरूमच्या टबमध्ये गादी डोक्यावर घेऊन बसलेल्या. हे सांगताना त्या थांबल्या होत्या थोडा वेळ. मग त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतलं, वॉच म्हणजे टॉर्नेडो होऊ शकतो, लक्ष ठेवा, वॉर्निंग म्हणजे दिसलाय किंवा रडारवर आलाय, आत्ता लपा. सगळ्यात खालचा मजला, मधली खोली, खिडकीपासून लांब. भाड्याने घर घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा, शेल्टर कुठे आहे, वायफाय नंतर. सीझन मुख्य मार्च ते मे, पण नोव्हेंबरातही येतात.

गाडीशिवाय अवघड आहे हे मान्य करूनच जायचं. कॅम्पसच्या बस असतात, पण राज्यभर फिरायला एसटीसारखं काही नाही. क्रेसेंट नावाची एक ट्रेन आहे, न्यूयॉर्क ते न्यू ऑर्लीन्स, ट्युस्कालूसा अन् बर्मिंगहॅमला थांबते, पण दिवसाला एकच. किराण्यावरसुद्धा सेल्स टॅक्स लागतो आणि तो शेल्फवरच्या किमतीत धरलेला नसतो, महिन्याचं बजेट करताना हे पकडा. घरभाडं कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कच्या मानाने बरंच कमी. कॅम्पसवर काम सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासच, बाहेर लपून काम करायचं नाही, ह्यावर काकू फार कडक आहेत. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) ३५० डॉलर अन् व्हिसाची १८५ डॉलर फी वेगळी ठेवा, शिवाय इंटरव्ह्यूसाठी मुंबईची चक्कर. आईबाबांना बंदुकीची भीती असते, काकूंनी ते लपवलं नाही, २०२३ पासून तिथे परमिटशिवाय बंदूक बाळगता येते, युनिव्हर्सिटीचे नियम वेगळे असतात ते स्वतः वाचा, आणि रस्त्यावर कोणाशी हॉर्न वाजवून भांडायचं नाही. बाबा त्या दिवशी मला घ्यायला आले होते, ते दारातच उभे राहून ऐकत होते, नंतर गाडीवर काहीच बोलले नाहीत, रात्री म्हणाले बरं झालं खरं सांगितलं.

शेवटचा शनिवार जेवण, बोली अन् फुटबॉल. काकूंनी ग्रिट्स करून आणलेले, मक्याचा रवा शिजवलेला, आपल्या सांज्याचा भाऊच, पण फोडणी नाही. कॉर्नब्रेड, भेंडी तळलेली (भेंडी तिथली एकदम घरची भाजी आहे, हे ऐकून सगळे खूश), आणि गोड बर्फाचा चहा, तो मला झेपला नाही. बार्बेक्यूला तिथे पांढरा सॉस लावतात, डिकेटर गावचा, मेयोनीज अन् व्हिनेगरचा. व्हेज मुलांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, तिथली पालेभाजी अन् शेंगांची उसळ पाहून व्हेज वाटते पण बऱ्याचदा त्यात डुकराचं मांस घालून शिजवतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. बर्मिंगहॅमजवळ पेल्हमला हिंदू मंदिर आहे, सणाला तिकडे सगळे जमतात.

बोलीचं मला फार जवळचं वाटलं. तिथले लोक ‘तुम्ही सगळे’ म्हणायला यॉल म्हणतात, करायच्या बेतात असलं की फिक्सिन टू म्हणतात, आणि उत्तरेकडचे लोक त्यांच्या हेलावर हसतात, अडाणी समजतात. मी पुण्यात सहा महिने नोकरी केली, तिथे जेवून राहिले, येऊन राहिले म्हटलं की पूर्ण टेबल हसायचं. त्यामुळे त्या हेलाबद्दल मला आत्ताच आपुलकी वाटून राहिली आहे. काकूंनी तिथल्या ओळखीच्या लोकांच्या रेकॉर्डिंग ऐकवल्या, पहिल्यांदा काहीच कळलं नाही, चौथ्यांदा ऐकल्यावर कळायला लागलं. हे आधी केलं ते बरं झालं, टीए, म्हणजे शिकवायला मदत करायचं काम मिळालं तर तिथल्याच मुलांसमोर उभं राहायचंय.

फुटबॉल म्हणजे त्यांचं अमेरिकन फुटबॉल. ट्युस्कालूसाचं स्टेडियम एक लाखावर माणसांचं, आपलं जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम पंचेचाळीस हजारांचं, आणि ट्युस्कालूसा शहराची वस्तीच एक लाखाच्या आसपास आहे. अलाबामा विरुद्ध ऑबर्न ह्या मॅचला आयर्न बोल म्हणतात, घराघरात दोन पार्ट्या पडतात, कोणी भेटलं की तुम्ही कोणाचे हे विचारतात. एक बाजू रोल टाइड म्हणते, दुसरी वॉर ईगल. मॅचच्या दिवशी घरी पाहुणे बोलवायचे नाहीत, हॉटेल मिळत नाही, पेपर सबमिशन आधी करून टाकायचं, एवढं कामाचं.

ह्याच शनिवारी काकूंनी ऑबर्नला शिकत असलेल्या एका नागपूरच्याच दादाला व्हिडिओवर बोलावलं. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, आपले रात्रीचे साडेआठ तेव्हा त्याचे सकाळचे नऊ, म्हणून त्या दिवशी आम्ही पुन्हा रात्री जमलो. त्याला आम्ही पाऊण तास सोडलं नाही. सगळ्यात एकटं कधी वाटते विचारलं तर तो म्हणाला थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला त्यांचा सण) आठवड्यात, कॅम्पस रिकामा होतो, मेस बंद, बस बंद, आपल्याकडे गाडी नाही, तेव्हा आधीच कोणाकडे तरी जायचं ठरवून ठेवा. असं उत्तर कोणत्याच ब्रोशरमध्ये नसते.

आता अर्धा मार्क. काकू वेळेवर संपवत नाहीत, सहाचे साडेसात होतात, लांबून येणाऱ्या मुलींना शेवटची सिटी बस चुकते. रेकॉर्डिंग नाही, एक शनिवार बुडला तर गेला. एसओपी, बँकेचे कागद, आय-२०, डीएस-१६० असे व्हिसाचे फॉर्म, ह्यात त्या मदत करत नाहीत, स्पष्ट सांगतात की ते माझं काम नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळी सोय करावीच लागेल. मेडिकल, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना चौथा शनिवार थोडा कमी उपयोगी, बर्मिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीवर अन् तिथल्या हॉस्पिटलवर अजून वेळ द्यायला हवा होता, ती राज्यातली सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारी संस्था आहे आणि काकांनी तिथलंच आयुष्य पाहिलंय, त्यांना एक तास तरी बोलवा असं मी काकूंना सांगितलं आहे, त्या हो म्हणाल्या. आणि ज्यांना अलाबामा नाही, टेक्सास किंवा जॉर्जिया पाहिजे, त्यांनी हा क्लास लावू नये, त्या दुसऱ्या राज्याबद्दल एक वाक्य बोलत नाहीत, म्हणतात मी तिथे राहिले नाही तर मी काय सांगू.

मी ट्युस्कालूसा अन् ऑबर्न, दोनच ठिकाणी अप्लाय केलंय, हंट्सव्हिल काढलं. आमच्या बॅचमधल्या एका मुलीने पूर्ण ऐकून ठरवलं की अलाबामा नाही, ती आता दुसरीकडे बघून राहिली आहे, अन् काकू तिच्यावर सगळ्यात जास्त खूश होत्या. आईचं एकच राहिलं होतं, तिकडे संत्री मिळतात का. काकूंनी फोनवरच सांगितलं, मोबीलच्या बाजूला सत्सुमा नावाचं गावच आहे, सत्सुमा म्हणजे संत्र्याचीच जात, सालपट हाताने सुटते, नोव्हेंबरात येतात.

पुढची बॅच होळीनंतर. जिना बाहेरच्या बाजूने आहे, अरुंद आहे, चपला खालीच काढा, आणि कोरा नकाशा काकू देतात पण पेन्सिल-खोडरबर आपलं आपलं न्या.